देवराव, बावीस दिवस कुठे होतास?

देवराव, तुझं सुतक मला लागत नाही. घाटावरच गुरुजींना विचारून घेतलं. ते म्हणाले, "साडू ना? मग घरी जाऊन अंघोळ करा, झालं." आणि ते तुझ्या पुतण्याकडे वळले. तुला आणि शालूला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी त्यानेच दिला. मी घरी आलो. मे महिन्यातलं टाकीचं पाणी, नळ सोडला तर चहाला चालेल इतकं गरम. दोन बादल्या अंगावर घेतल्या आणि झालं. मग पंख्याखाली बसलो आणि आता पुढे काय करायचं ते कळेना.

सुतक असतं तर बरं झालं असतं. काय खायचं, कुठे जायचं नाही, दाढी कधी करायची, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवून दिलं असतं. मला कोणी काहीच ठरवून दिलेलं नाही. माझी कुंदा बहिणीजवळ, शालूजवळ, म्हणून वाडीला तुझ्याच घरी राहिली आहे. मी इथे एकटा वरणभात लावून खातो. शेजारच्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "साडू." ते "अच्छा, साडू," म्हणाले आणि आज नळ आले होते का ते विचारू लागले. त्यांचा काय दोष? साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. एवढ्या लांबच्या माणसासाठी किती रडायचं असतं, याचा मलाही अंदाज नाही.

पस्तीस वर्षं मी सरकारी कागद लिहिले. आधी विषय, मग संदर्भ, मग मजकूर. इथे विषय काय लिहावा इथूनच अडलो आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "साहेब, तुम्ही फायली वाढवून राहिले फक्त." बरं, वाढवतो. मला तुझी आठवण येते. हे लिहायला लाज वाटत होती, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

खरा गोंधळ सुरू झाला तो तुझ्या घरी, तुला न्यायच्या आधी. शालू तुझ्या उशाशी बसली होती, कुंदाने तिला धरलं होतं. मी खाली वाकलो तसा शालूने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होते म्हून शेवटच्या दिवसापर्यंत पोहले ते. आजबी पोहूनच आलते. टॉवेल वाळून राहिला पाहा बाहेर." मी बाहेर पाहिलं. अंगणातल्या दोरीवर तुझा निळ्या चौकड्यांचा टॉवेल होता. उन्हाने कधीच वाळला होता. मी मान हलवली. हो म्हणालो की नाही म्हणालो, ते आठवत नाही.

देवराव, बावीस दिवसांपासून तुझा पोहण्याच्या टँकचा पास बंद होता. तो माझ्यामुळे बंद झाला होता. आणि तेव्हापासून आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. मला वाटत होतं, हे सगळं तू शालूला सांगितलं असणार आणि ती मनातून माझ्यावर चिडलेली असणार. आणि ती तर माझे उपकार मानत होती. तू रोज सकाळी टॉवेल घेऊन स्कूटरवर निघत होतास, तासाभराने ओल्या डोक्याने घरी येत होतास, टॉवेल दोरीवर टाकत होतास. त्या सकाळीही आलास, टॉवेल वाळत घातलास, "चहा ठेव" म्हणालास आणि खुर्चीत बसलास. कूलरच्या आवाजात तिला आतून काही ऐकू आलं नाही. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा तू नव्हतास.

मग बावीस दिवस तू कुठे जात होतास? चिता पेटली तेव्हाही माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. लोक रडत होते आणि मी मनात नागपुरातले सगळे टँक मोजत होतो. तुझ्या शेवटच्या वेळी माझं लक्ष तुझ्यावर नव्हतं, याबद्दल माफ कर.

सुरुवात माझ्या गुडघ्यांनी झाली. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा, पोहायला शिका. वय एकसष्ट, आणि आयुष्यात मी अंबाझरी तलावाचं पाणी फक्त काठावरून पाहिलेलं. कुंदा म्हणाली, "देवरावांना सोबत न्या, ते लहानपणापासून पोहतात." तू कळमेश्वरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला होतास आणि दिवसभर घरातले नळ उगाच खोलून पुन्हा बसवत होतास. शालूही खूश झाली, निदान सकाळचा तासभर नळांना सुटी. तू वाडीहून ट्रकांच्या मधून स्कूटर काढत यायचास आणि मी पोचायच्या आधी टँकच्या फाटकावर हजर असायचास.

पहिल्या दिवशी तू खाकी हाफपँटवर आलास, तर त्यांनी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोहायचे कपडे आणि रबराची टोपी घालून आरशासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "साहेब, सोललेलं अंडं दिसून राहिलो मी." तू मला नेहमी साहेब म्हणायचास. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि हेडक्लार्क साहेब नसतो हे तुला पक्कं ठाऊक होतं. तुझी बायको धाकटी बहीण, म्हणून नात्याने मी मोठा. वयाने तू तीन वर्षांनी मोठा. नात्याचं म्हणून तू मला 'तुम्ही' म्हणायचास आणि वयाचं म्हणून टर उडवायचास. मी कधी हरकत घेतली नाही. खरं सांगू, मला साहेब म्हणणारा तूच एक होतास.

तिथल्या कोचने तुला शिकाऊ बॅचमध्ये टाकलं तो दिवस मी विसरणार नाही. मला पोहता येत नव्हतं म्हणून मी त्या बॅचमध्ये, आणि तू गावच्या पद्धतीने पोहत होतास म्हणून तूही त्याच बॅचमध्ये. डोकं पाण्याबाहेर ठेवून, मान इकडे तिकडे वळवत, जसा काही बाजारात भाजीचा भाव पाहत चाललास. कोच ओरडायचा, "काका, डोकं पाण्यात घाला." तू त्याला शांतपणे म्हणालास, "आमच्या विहिरीत डोकं खाली घातलं न वरून कोणं गोटा फेकला, तर दिसंन काय जी?" तो म्हणाला, इथे कोणी गोटा फेकत नाही. तू म्हणालास, "ते तुमाले आता वाटून राहिलं." हा वाद आपला शेवटपर्यंत सुटला नाही. मी पुस्तकी माणूस, कोचच्या बाजूने. डोकं पाण्यात घातल्याशिवाय पोहणं म्हणजे पोहणंच नव्हे, असं मी तुला तर्री पोहे खाताना किती वेळा ऐकवलं. आणि तू तर्रीवर तर्री घेत राहायचास आणि मी तुझ्या वाटीकडे डोळे वटारून पाहायचो.

मला श्वास सोडायला तू शिकवलास. कोचचं 'बबल काढा, बबल काढा' मला समजत नव्हतं. तू म्हणालास, "साहेब, तोंड पाण्यात घाला न बेचा पाढा म्हणा. तोंडानं म्हणा, मनात नाही." मी बे एके बे, बे दुणे चार करत बुडबुडे काढायला लागलो. बे चोक आठला माझा श्वास संपायचा आणि मी वर यायचो. तू म्हणायचास, "बे दाही वीस झाल्याशिवाय वर याचं नाही." मी कधीच तिथवर गेलो नाही. पण मी पोहायला लागलो, देवराव. एकसष्टाव्या वर्षी मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलो, मध्ये पाय टेकले नाहीत. कुंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं," आणि भाजी निवडत राहिली. तू मात्र त्या दिवशी फाटकावरच्या चौकीदाराला, कोचला आणि पोहेवाल्याला सांगत सुटलास. त्या आनंदासाठी मी तुझे आभार मानले नव्हते. आता मानतो.

आता फॉर्मवर येतो. तिथेच सगळं बिघडलं.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्या होत्या. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तू म्हणाला होतास, "आतापर्यंत मी फिटिंग करत होतो, आता माझीच फिटिंग झाली." टँकच्या पासाचा फॉर्म माझ्यासमोर आला, कारण घरात कुठलाही फॉर्म आला की तो माझ्यासमोर येतो. माझं अक्षर चांगलं. त्यात रकाना होता: हृदयविकार आहे काय? तू म्हणालास, "नाही लिहा." मी पेन थांबवून तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "दुरुस्त झालं ना जी ते. दुरुस्त झालेल्या मशीनले बिघडली म्हणतात काय?" मी हसलो आणि 'नाही' लिहिलं. डॉक्टरचं सर्टिफिकेट तू गल्लीतल्याच कोणाकडून तरी आणलंस. तर पहिली खोटी नोंद माझ्याच अक्षरात आहे, हे तू पुढे कधी बोलून दाखवलं नाहीस. मला सारखं वाटायचं, भांडताना तू ते काढशील.

दोन महिने छान गेले. मग कोचने तुला, डोकं वर ठेवून का होईना, खोल बाजूला जाऊ दिलं. एका सकाळी तू तिकडच्या भिंतीचा दांडा धरलास आणि सोडलाच नाहीस. बराच वेळ. मी उथळ पाण्यातून चालत येता येईल तिथपर्यंत आलो. मला चष्म्याशिवाय धड दिसत नाही, पण तुझ्या खांद्यांचं वरखाली होणं दिसत होतं. मी म्हणालो, "काय झालं?" तू म्हणालास, "पाणी गिळलं." पाणी गिळण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तीन महिन्यांत मी अर्धा टँक गिळला आहे. ते पाणी गिळणं नव्हतं. त्या दिवशी तू पोहे घेतले नाहीस, तिथेच मला कळायला हवं होतं की तू घाबरला आहेस.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, तू तिथे नसशील अशा वेळी, मी टँकच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरकडून तुझा फॉर्म काढून घेतला. 'नाही' वर एक सरळ रेघ मारली, वर 'आहे' लिहिलं, बाजूला सही आणि तारीख टाकली. खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचं नाही, चुकलेलं वाचता आलं पाहिजे आणि दुरुस्त कोणी केलं तेही दिसलं पाहिजे. हेच मी नव्या क्लार्कांना आयुष्यभर शिकवत आलो. मॅनेजर म्हणाले, मग हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय त्यांना आत सोडता येणार नाही. मी म्हणालो, बरोबर आहे. घरी येईपर्यंत मला अगदी हलकं वाटत होतं. संध्याकाळी तुला फोन करणार होतो, तर पाहुणे आले. म्हटलं, सकाळी फाटकावर समोरच सांगू. आणि सकाळी नेमकी आमच्या कूलरची मोटर अडली, त्यात वीस मिनिटं गेली.

त्या वीस मिनिटांत तू पोचलास. चौकीदाराने तुला फाटकावर थांबवलं. अख्खी बॅच खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती आणि त्यांच्यासमोर तुला कळलं की तू आत जाऊ शकत नाहीस, आणि तसं तुझ्या साडूने लिहून दिलं आहे. मी आलो तेव्हा तू स्कूटरवर बसला होतास. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, सही कराच्या आधी मले विचारलं काहून नाही?"

मी म्हणालो, "विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण विचारलं तं असतं ना."

आणि किक मारून निघून गेलास. आपलं एवढंच शेवटचं बोलणं. 'पण विचारलं तं असतं ना' याला मी अजून उत्तर शोधतो आहे. सरकारी उत्तर माझ्याकडे होतं: चूक लक्षात आली, दुरुस्त केली, जीव महत्त्वाचा. बावीस दिवस मी तेच धरून बसलो. म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी आणायला काय लागतं, एक सकाळ. आणेल आणि येईल. फोन त्यानेच करायला हवा, कारण चूक माझी नाही. कुंदा विचारायची, देवराव हल्ली टँकवरून चहाला घरी येत नाहीत? मी म्हणायचो, घाईत असतो. म्हणजे तिकडे तू बायकोशी खोटं बोलत होतास आणि इकडे मी. आणि मी रोज पोहायला जात होतो. माझ्या गुडघ्यांना आराम होता.

तू गेल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं की पोहत राहिला असता तर काय झालं असतं. ते म्हणाले, काही झालं असतं असं नाही आणि झालं नसतं असंही नाही. असा शेरा माझ्या हाताखालच्या माणसाने मारला असता तर मी कागद परत केला असता. मी तुला पाण्यापासून वाचवलं आणि तू खुर्चीत गेलास. तुझा शेवटचा महिना मी वाचवला की हिसकावला, हे कशावरून ठरवायचं? तुला एवढं एकच सुख होतं, हे मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी मी टँकवर गेलो. सुतक नाही, मग जायला काय हरकत, असं स्वतःलाच सांगत गेलो. कोणी अडवेल म्हणून फाटकापाशी थोडा रेंगाळलोही. कोणी अडवलं नाही. चष्मा पिशवीत ठेवला, शॉवर घेतला, पाण्यात उतरलो. तोंड पाण्यात घातलं आणि पाढा म्हणायला लागलो, तर दुणे चारलाच छाती भरून आली. पाण्यात रडलेलं कोणाला कळत नाही असं वाटलं होतं, पण नाकात पाणी जाऊन असा ठसका लागला की कोचने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी कपडे केले आणि फाटकावर बंडूजी चौकीदारापाशी गेलो. त्याला तुझं काहीच कळलं नव्हतं. मी सांगितलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"तरीच पाच दिवस झाले, काका दिसून नाही राहिले," तो म्हणाला.

मी म्हणालो, "पाच दिवस कसे? त्याचा पास तर महिनाभरापासून बंद आहे."

बंडूजीने माझ्याकडे पाहिलं, मग टँकच्या पलीकडे पाहिलं. तिकडे त्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत, स्पर्धा असली की लोक बसतात त्या. "रोज याचे जी," तो म्हणाला. "तुमच्याच बॅचले. तुम्ही पाण्यात उतरले का मंग मागून याचे न वर बसाचे. बसाले पास लागत नाही ना. तुमची बॅच सुटाच्या आधी त्या नळावर डोकं भिजवाचे, टॉवेल ओला करून पिळाचे, न चालले जाचे. मी विचारलं, काका, टॉवेल काहून ओला करता? तं म्हणे, घरी पाह्यते ना बाई."

मी विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?"

"मले शपथ घातली होती त्यायनं. साहेबाले सांगजो नको म्हणे."

"आणखी काय म्हणायचा?"

बंडूजी जरा घुटमळला. "तुमचंच बोलत राहे जी. साहेब बे चोक आठलेच वर येते म्हणे, पुढं जातच नाही. मले तं काही समजलं नाही. हिशेबाचं असंन काही, म्हणलं."

मी त्याच्याच खुर्चीवर बसलो. मला ते दिसलं होतं, देवराव. पायऱ्यांवर रोज काहीतरी पांढरं असायचं. पोहणाऱ्या एखाद्या पोराचे आजोबा असतील, असं मी समजत होतो. एकदा तर कोच समजून मी तिकडे हातही केला होता. तू काही केलं नाहीस. की केलंस आणि मला दिसलं नाही?

तेव्हापासून मी कारणं शोधतो आहे आणि एकाही कारणावर मन ठरत नाही. तू माझ्यावर लक्ष ठेवत होतास का, मी बुडेन म्हणून? मग फाटकावर येऊन चार शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. घरी पास बंद झाल्याचं सांगायची लाज वाटत होती का? मग वाडीतल्या एखाद्या टपरीवर बसून तास काढता आला असता, एवढ्या लांब यायची गरज नव्हती. की मी वर पाहावं आणि ओळखावं आणि पायऱ्या चढून तुझ्यापाशी यावं, याची वाट पाहत होतास? हे शेवटचं कारण मनात आलं की मी उठून पाणी पितो. बावीस दिवस तू मला पाहत होतास आणि मी तुझ्या फोनची वाट पाहत होतो. आपण दोघंही एकाच जागी होतो. मला राग येतो तुझा. आणि लगेच त्या नळाखाली वाकलेलं तुझं टक्कल डोळ्यांसमोर येतं आणि राग टिकत नाही.

मग प्रश्न उरला शालूचा. तिला सांगायचं का? ती ज्याला त्याला सांगत होती की हे शेवटपर्यंत पोहले, भाऊजींनी साथ सोडली नाही. मी भेटायला गेलो की तिथेच बसून मान हलवायचो. सांगितलं तर तुझी चुगली दुसऱ्यांदा केल्यासारखं होतं, आणि तेही पुन्हा तुला न विचारता. नाही सांगितलं तर फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं तसंच आणखी एक 'नाही'. तुला विचारावं म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो. पण तुझं उत्तर येण्याआधीच तिने विचारलं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाहुणे पांगले. कुंदा आत भांडी लावत होती. बाहेर अमरावती रोडवरून ट्रक जात होते. शालू माझ्यासमोर येऊन खाली बसली.

"भाऊजी, एक विचारू का? माझ्याशी ते त्या दिवशी 'चहा ठेव' एवढंच बोलले. त्याच्या आधी घंटाभर तुमच्यासोबतच होते ना. तुमच्याशी काय बोलले?"

माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. बंडूजीला तू जे सांगितलंस तेच सांगायचं, साहेब बे चोक आठच्या पुढे जात नाहीत म्हणाला होता. तुझेच शब्द, खोटं त्यात काही नाही. ती हसली असती आणि मी सुटलो असतो. तोंड उघडलं, पण दुसरंच निघालं. सगळंच सांगितलं. फॉर्म, रेघ, सही, फाटक, बावीस दिवसांचा अबोला, पायऱ्या, नळ, टॉवेल. खाली फरशीकडे पाहत एका दमात सांगितलं. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे कुंदाही ऐकत होती.

शालू रडली नाही. फॉर्मबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. सहीबद्दलही नाही. मी वाट पाहत होतो की आता ती म्हणेल, तुम्ही माझ्या माणसाचं सुख काढून घेतलं. त्याला द्यायचं उत्तर मी मनात घोकून ठेवलं होतं.

पण ती म्हणाली, "म्हणजे तिथं ते नुसते बसून राहेत?"

"हो."

"घंटाभर?"

"हो."

"सोबत कोण राहे?"

मी म्हणालो, "कोणी नाही. एकटाच असायचा."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे न पाहता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी तं इथं रोज तेवढा वेळ एकटीच राहो. नुसतं बसाचंच होतं तं मले काहून नाही नेलं, भाऊजी? मी बी बसली असती."

देवराव, हे आपल्या दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती अजून समोर बसली आहे असं वाटतं, आणि उत्तर तुझ्याकडून यायचं आहे.